घरचा कुत्रा आणि रानचे शेजारी

संध्याकाळी घरातील कुत्रा एकाएकी कान टवकारतो, कुंपणाकडे धाव घेतो आणि एकाच जागी उभा राहून भुंकू लागतो. घरची माणसे दिवा घेऊन जातात, तेव्हा तेथे कधी वाळलेल्या पानांत दडलेला भेक असतो, कधी विटांच्या ढिगात शिरणारी धामण असते, तर कधी काहीच दिसत नाही. ‘हे जनावर येथे आले कोठून?’ हा प्रश्न अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी असतो. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास अंगण, पाणी, कचरा, उंदीर आणि रोगजंतू ह्यांचा परस्परसंबंध हळूहळू उलगडत जातो. त्या संबंधाचा परिचय करून देणे व त्यावरून घरच्या कुत्र्याची काळजी कशी घ्यावी हे सांगणे, हा प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू आहे.

तळ्यांचा प्रदेश

उदाहरणादाखल बंगळूर शहरातील सर्जापूर रोड हा भाग घेऊ. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना तो परिचित आहे. शहराच्या आग्नेय दिशेला कोरमंगलच्या बाजूने निघणारा हा रस्ता अगर, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे ओलांडीत सर्जापूर ह्या जुन्या गावी पोहोचतो. ह्या पट्ट्यात पूर्वी नाचणीची शेते, माळराने आणि तळी होती. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत तेथे उंच इमारती व कुंपण घातलेल्या वसाहती उभ्या राहिल्या.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असून त्याच्याजवळून मोठी नदी वाहत नाही. म्हणून तेथील लोकांनी अनेक शतके पावसाचे पाणी बांध घालून अडविले व तळी निर्माण केली. कन्नड भाषेत अशा तळ्यास ‘केरे’ म्हणतात. एका तळ्याचे जादा पाणी ज्या नाल्यांनी खालच्या तळ्यात जाते, त्यांस ‘राजकालुवे’ असे नाव आहे. शहरातील सर्वांत मोठे बेळ्ळंदूर तळे ह्याच भागात आहे. रस्त्यालगतचे कैकोंड्रहळ्ळीचे तळे सुमारे ४८ एकरांचे असून २००९ नंतरच्या काही वर्षांत महानगरपालिका व परिसरातील नागरिक ह्यांच्या प्रयत्नांनी त्याचे पुनरुज्जीवन झाले. आता तेथे टिबुकल्या, पाणकावळे व बगळे सहज पाहावयास मिळतात.

ही तळी व त्यांना जोडणारे नाले म्हणजे प्राण्यांच्या जुन्या वाटा होत. शेताच्या जागी इमारत आली, परंतु नाल्याकाठचे गवत राहिले; बांधाची माती व तिच्यातील बिळे राहिली. धामण, नाग, मुंगूस, घूस आणि भेक ह्यांच्या दृष्टीने वसाहतीचे कुंपण ही सीमा नसून वाटेतील एक अडथळा आहे. तेव्हा ‘हे जनावर कोठून आले?’ ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, पुष्कळदा ते कोठूनही आलेले नसते. ते पूर्वीपासून तेथेच राहत असते.

अन्नाची साखळी अंगणापर्यंत

जवळपास राहणे वेगळे आणि दाराशी येणे वेगळे. दाराशी येण्याचे कारण बहुधा अन्न हेच असते. कुत्र्यापुढे ठेवलेल्या ताटलीतील उरलेला भात रात्रभर अंगणात राहिला, तर त्या वासाने उंदीर, चिचुंद्री व घूस येतात. उंदरांच्या मागावर धामण व नाग येतात. सापांच्या व उंदरांच्या शोधात मुंगूस येतो. दिव्याभोवती किडे जमतात. ते खाण्यासाठी भेक दिव्याखाली येऊन बसतो, आणि भेक हे नागाचे आवडते भक्ष्य होय. अशा रीतीने मूठभर शिळा भात व रात्रभर जळणारा एक दिवा ह्यांच्यापासून एक संपूर्ण अन्नसाखळी घराच्या पायरीपर्यंत येऊन पोहोचते.

ह्या साखळीचे एक दुवे तोडण्याच्या हेतूने लोक उंदरांना विष घालतात. त्याचा परिणाम मात्र उलटा होण्याचा संभव असतो. उंदरांसाठी वापरली जाणारी बरीचशी विषे रक्त गोठू न देणारी आहेत. रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये यकृतात तयार होतात व त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्वाची आवश्यकता असते. हे विष त्या जीवनसत्त्वाचे कार्य बंद पाडते आणि काही दिवसांत शरीराच्या आत रक्तस्राव सुरू होतो. विष खाल्लेला उंदीर तत्काळ मरत नाही. तो मंदावलेल्या स्थितीत उघड्यावर हिंडतो व पिंगळ्याच्या, घुबडाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी सहज सापडतो. त्यामुळे विष साखळीत वर चढते आणि उंदीर खाणारे प्राणीच मरू लागतात. अंगणात ठेवलेली विषाची वडी कुत्र्याने स्वतःच खाल्ल्याचे प्रकारही घडतात. असा संशय आल्यास रक्तस्रावाची वाट न पाहता कुत्र्यास पशुवैद्याकडे न्यावे. ‘के’ जीवनसत्त्व वेळीच दिल्यास प्राण वाचू शकतात. विषाचे वेष्टन बरोबर नेणे उपयुक्त ठरते.

कुत्र्याचे नाक आणि सापाचे तोंड

कुत्रा जग ओळखतो ते प्रामुख्याने नाकाने. त्याची गंधशक्ती मनुष्याच्या गंधशक्तीहून कित्येक पटींनी तीव्र असते. अनोळखी वस्तू दिसली की तो प्रथम नाक पुढे करतो, नंतर पंजा. त्यामुळे साप चावतो तो बहुधा कुत्र्याच्या नाकाला, तोंडाला किंवा पुढच्या पायाला.

साप कुत्र्यावर चालून येत नाही. कुत्रा त्याचे भक्ष्य नाही आणि विष तयार करण्यास सापास शक्ती खर्चावी लागते. नाग फणा उभारतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार काढते. हे दोन्ही ‘दूर राहा’ असे सांगण्याचे प्रकार आहेत. परंतु भिंत व भुंकणारा कुत्रा ह्यांच्या मध्ये सापडलेल्या सापास पळावयास जागा उरत नाही, आणि मग तो चावतो.

नागाचे विष मुख्यत्वे मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडविते. पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. घोणसीचे विष रक्त गोठविणारी द्रव्ये संपवून टाकते. सूज व रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. ह्या दोहोंवर आणि मण्यार व फुरसे ह्यांच्या विषावरही चालणारे प्रतिविष भारतात घोड्यांच्या रक्तापासून तयार केले जाते. माणसांसाठी असलेले तेच प्रतिविष पशुवैद्य कुत्र्यांसाठीही वापरतात. कुत्र्याचे शरीर लहान असल्याने तितक्याच विषाचा परिणाम त्याच्यावर लवकर होतो. म्हणून एक एक मिनिट मोलाचे असते. दंश झालेल्या कुत्र्यास चालवू अथवा धावू देऊ नये, उचलून न्यावे. जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे सर्व उपाय अपायकारक आहेत.

मुंगसाला सापाचे विष बाधतच नाही, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मुंगसाच्या स्नायूंवरील, मज्जातंतूंचा संदेश ग्रहण करणाऱ्या भागाची घडण थोडी निराळी असल्यामुळे नागाचे विष तेथे नीट चिकटू शकत नाही. त्याचे उरलेले संरक्षण म्हणजे त्याची चपळाई आणि फुगविलेले केस. कुत्र्याजवळ ह्यांपैकी काहीच नाही.

भेक हा सापाच्या मानाने निरुपद्रवी वाटतो. तथापि त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात व त्यांतून दुधासारखा विषारी स्राव निघतो. कुत्र्याने भेक तोंडात धरताच त्याच्या तोंडास फेस येतो व तो डोके झटकू लागतो. हे विष अधिक प्रमाणात पोटात गेल्यास हृदयावर परिणाम करते. अशा वेळी कुत्र्याचे डोके खाली झुकवून, पाणी घशात जाणार नाही अशा बेताने तोंड भरपूर पाण्याने धुवावे, आणि त्याचा तोल जाऊ लागल्यास किंवा झटके आल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.

रोगांची देवाणघेवाण

साप व भेक ह्यांचा धोका डोळ्यांना दिसतो. न दिसणारा धोका त्याहून मोठा आहे.

घुशी व उंदीर ह्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू ओल्या जमिनीत व साचलेल्या पाण्यात मिसळतात. पावसाळ्यात अशा डबक्यातील पाणी प्यालेल्या कुत्र्यास, तसेच पायाला जखम असता त्यातून चाललेल्या माणसास, लेप्टोस्पायरोसिस हा रोग होऊ शकतो. गोचीड हा दुसरा वाहक होय. तो कुत्र्याच्या रक्तात सूक्ष्म जीव सोडतो व त्यामुळे ताप, रक्तक्षय व रक्तस्राव होतो.

सर्वांत भयंकर रोग अर्थातच रेबीज, ज्यास आपल्याकडे ‘पिसाळणे’ म्हणतात. ह्या रोगाचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो, मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लुई पाश्चर ह्याने १८८५ च्या जुलै महिन्यात जोसेफ माइस्टर नावाच्या मुलास प्रथम लस टोचली, त्यास आता १४० वर्षे झाली आहेत. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे ह्या रोगाने मरतात व त्यांतील बहुतेकांस तो कुत्र्याकडून झालेला असतो.

येथे घरच्या कुत्र्याचे स्थान नीट ध्यानात घेतले पाहिजे. रात्री कुंपणापाशी तो एखाद्या भटक्या कुत्र्याशी, मुंगसाशी किंवा कोल्ह्याशी झटापट करतो. ओठावर एक लहानसा ओरखडा येतो. दोन दिवसांत तो भरूनही निघतो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तोच कुत्रा घरातील मुलाचा हात चाटत असतो. कुत्र्यास लस टोचलेली असेल, तर विषाणूची वाट बहुधा त्याच्यापाशीच संपते. टोचलेली नसेल, तर तीच वाट घरापर्यंत येते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस व त्यानंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पुढील मात्रा देणे, हे कुत्रा पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी तमीम वनक, अनिरुद्ध बेलसरे व मॅथ्यू गॉम्पर ह्या संशोधकांनी मोकाट कुत्री आणि खोकड ह्यांचा अभ्यास केला. तेथील बहुसंख्य प्रौढ कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर व पार्व्हो ह्या विषाणूंचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. काही खोकडांच्या रक्तातही तशाच खुणा मिळाल्या. शिवाय, जवळ कुत्रा असेल तर खोकड अन्नाजवळ यावयास कचरतो व कमी खातो, असेही प्रयोगात दिसून आले. म्हणजे कुत्र्याने अंगास दात न लावताही रानातील प्राण्याचे नुकसान होते. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानात १९९४ साली सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरने मरण पावले. तो विषाणू भोवतालच्या गावांतील कुत्र्यांत पसरलेला होता.

शिकारी की शिकार?

कुत्रा हा लांडग्याच्या वंशातील असल्यामुळे आपण त्यास शिकारी समजतो. बिबट्याच्या दृष्टीने मात्र तो भक्ष्य होय. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतांत व वस्त्यांच्या आसपास राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला. बिबट्यांच्या विष्ठेचे परीक्षण करता असे आढळले की, त्यांनी खाल्लेल्या मांसापैकी वजनाने ८७ टक्के मांस पाळीव प्राण्यांचे होते आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. त्यात शेळ्यांचा भाग कुत्र्यांच्या मानाने थोडाच होता. उघड्यावरील कचऱ्यावर मोकाट कुत्री पोसली जातात व कुत्र्यांवर बिबटे. मागे सांगितलेल्या भाताच्या ताटलीची साखळी येथे अधिक लांबलेली दिसते, इतकेच.

बंगळूरच्या दक्षिणेस बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. शहर चहूकडे पसरू लागल्यापासून बिबटे अधूनमधून वस्तीत दिसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये शहराच्या पूर्व भागात कुंदलहळ्ळी येथे एका शाळेच्या आवारात बिबट्या शिरला व त्यास पकडताना एका वन्यजीवशास्त्रज्ञासह काही जण जखमी झाले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सर्जापूर रोडपासून फार दूर नसलेल्या कुडलू भागात एक बिबट्या इमारतींच्या आवारात हिंडताना दिसला. १ नोव्हेंबर रोजी त्यास पकडण्याच्या मोहिमेत तो मरण पावला.

अशा वेळी ‘पकडा आणि दूर नेऊन सोडा’ अशी मागणी होते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आला. तेथे १९९३ ते २००१ ह्या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो, कारण त्यास आकर्षित करणारे अन्न तेथे कायमच असते. सापाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. उंदीर असेतोपर्यंत एक साप नेल्याने प्रश्न सुटत नाही.

काय करावे

वरील विवेचनावरून ध्यानात येईल की, कुत्र्याचे संरक्षण आणि रानातील प्राण्यांचे संरक्षण ह्यांसाठी निरनिराळे उपाय लागत नाहीत.

१. कुत्र्यास ठरावीक वेळी खावयास द्यावे व अर्ध्या तासाच्या आत ताटली उचलून धुवावी. कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा.

२. दाराखालील फट व भिंतीतील भोके बुजवावीत. नळाच्या व सांडपाण्याच्या तोंडांस जाळी बसवावी. विटा, लाकडे व पालापाचोळा ह्यांचे ढीग भिंतीपासून दूर ठेवावेत आणि वाटेवरील गवत आखूड राखावे.

३. कार्बॉलिक द्रव किंवा चुना ह्यांनी साप दूर राहतात हा समज निराधार आहे. कार्बॉलिक द्रव कुत्र्या-मांजरांस मात्र विषारी आहे.

४. अंधार पडल्यावर कुत्र्यास दोरीवाचून फिरावयास नेऊ नये. हाती दिवा असावा. बिबट्याचा वावर असलेल्या भागात त्यास रात्री घरात किंवा भक्कम दाराच्या खोलीत ठेवावे.

५. साप दिसल्यास प्रथम कुत्र्यास मागे घेऊन घरात बांधावे. नंतर दूर उभे राहून साप कोठे जातो ते पाहावे व वनखात्यास किंवा प्रशिक्षित सर्पमित्रास कळवावे. साप मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

६. कुत्रा, मांजर, माकड, मुंगूस ह्यांपैकी कोणीही माणसास चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. हळद, मिरची, चुना असे काही जखमेस लावू नये.

७. परिसरातील मोकाट कुत्र्यांच्या लसीकरणास व नसबंदीस साहाय्य करावे. तेव्हाच्या बंगळूर महानगरपालिकेने २०२३ साली केलेल्या पाहणीत शहरात सुमारे २ लाख ७९ हजार मोकाट कुत्री असल्याचा अंदाज निघाला. एकूण कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के कुत्र्यांस लस मिळाल्यास रेबीजची साखळी तुटू शकते. गोव्यात असे व्यापक लसीकरण झाले व २०२१ साली ते राज्य ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित करण्यात आले.

विद्यार्थ्यांसाठी निरीक्षण

एका वहीत पुढील रकाने आखावेत: दिनांक, वेळ, जागा, पाऊस पडला किंवा नाही, दिसलेला प्राणी, आणि जवळपास असलेले अन्न. पहिले पंधरा दिवस घरातील नेहमीच्या सवयी न बदलता नोंदी कराव्यात. पुढील पंधरा दिवस कुत्र्याची ताटली वेळेवर उचलावी, कचरा झाकावा, अंगणातील दिवा गरजेपुरताच लावावा आणि पुन्हा नोंदी कराव्यात. ऋतुमानामुळेही प्राण्यांची संख्या कमीजास्त होते. म्हणून ज्याने आपल्या सवयी बदललेल्या नाहीत अशा एखाद्या मित्राच्या अंगणातील नोंदी त्याच महिन्यात घेऊन दोन्हींची तुलना करावी. नोंदी दुरूनच, मोठ्या माणसांच्या समक्ष कराव्यात; बिळात हात घालू नये किंवा दगड उलथू नयेत.

महिन्याच्या अखेरीस दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्यास कोणते प्राणी कमी दिसू लागले व कोणते पूर्वीप्रमाणेच राहिले, हे समजेल. जे पूर्वीप्रमाणे राहिले, ते अन्नाच्या आमिषाने आलेले नसून त्या परिसराचे जुने रहिवासी असण्याचा संभव अधिक. कुत्रा पुन्हा कुंपणापाशी भुंकू लागेल, तेव्हा त्यास हाक मारून घरात घ्यावे आणि त्या रहिवाशास त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.